खाटेवरचे माणूस

मराठी प्रेक्षक म्हातारपणावर रडायला कधी कचरत नाही. रंगमंचावर एखादा वृद्ध बाप मुलाच्या घरून अपमानित होऊन निघाला, की नाट्यगृहातले निम्मे रुमाल बाहेर येतात. ज्यांनी रुमाल आणलेला नसतो ते अंधाराचा आश्रय घेतात. ही आपली हळवी जागा आहे आणि तिची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. रसिकाला रडू येणे ही कलेची लहानसहान पावती नव्हे. तथापि आपण नेमक्या कोणत्या म्हातारपणावर रडतो, हे एकदा शांतपणे पाहायला हवे. मला तरी असे दिसते, की ज्याला स्वतःच्या पायांनी उंबरठ्याबाहेर पडता येते, त्याच्याच म्हातारपणावर आपण रडतो. ज्याला त्या उंबरठ्यापर्यंत पोचायलाच दोन माणसांचे खांदे लागतात, जो आपल्या घरी येऊन खाटेवर पडतो आणि पुढे कित्येक महिने तिथेच राहतो, त्याला आपल्या वाङ्मयात आणि रंगभूमीवर जागा किती, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न जुना आहे. सेवेची म्हणून जी कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते, तिच्यापासूनच सुरुवात करावी. पुंडलिक हा आरंभी आईबापांची हेळसांड करणारा मुलगा. पुढे त्याला उपरती होते आणि तो त्यांच्या सेवेत इतका गढून जातो, की साक्षात देव दारात आला तरी तो उठत नाही. एक वीट मागे सरकवतो आणि देवाला तीवर थांबायला सांगतो. या कथेचे मर्म ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्याला जितके कळेल तितके इतरांना क्वचितच कळेल. आजाऱ्याला कुशीवर वळवताना दाराची कडी वाजली, तर हात सोडून जाता येत नाही. मग दारात वाणी असो, व्याही असो की वैकुंठीचा राणा असो. इथवर कथा अत्यंत खरी आहे. पण पुढे काय होते? आपण सगळे विटेकडे बघू लागतो. वीट, तिच्यावरचे पाय, कटीवरचे हात यांच्यापुढे मागचे घर अंधारात जाते. पुंडलिकाचे आईबाप त्या वेळी काय म्हणाले? देवाला आपल्यापायी ताटकळावे लागले याचा त्यांना आनंद झाला, की संकोच वाटला? आणि त्या घरात पुंडलिकाची बायकोही होती. ती कुठे होती? आईबापांचे पाय पुंडलिक चेपत होता हे खरे, पण पाणी कोण तापवत होते, धोतरे-लुगडी कोण धूत होते? कथेला ते सांगायचे नव्हते. कथेला भक्ताचा मोठेपणा सांगायचा होता, आणि तो तिने अजोड रीतीने सांगितला. मात्र तेव्हापासून आपल्याला एक सवय जडली. सेवा म्हटले की आपण सेवा करणाऱ्याचे पुण्य पाहतो, आणि ती न करणाऱ्याचे पाप. ज्याची सेवा होते तो माणूस मात्र दोन्ही वेळा नजरेआड राहतो.

हा प्रश्न माझ्या मनात सहज आलेला नाही. मी मिरजेत राहणारी. मिरजेची कीर्ती दोन गोष्टींसाठी: तंबोरे आणि दवाखाने. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशनचे रुग्णालय सुरू केले, आणि पुढे १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. एके काळी या गावच्या जंक्शनात रुंद, मध्यम आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत. अरुंद रुळांवरून पंढरपूरकडची माणसे येत, दक्षिणेकडून बेळगावची, उत्तरेकडून साताऱ्या-पुण्याची; आणि येणाऱ्यांपैकी बरेच जण कोणाचा तरी दंड धरून उतरत. त्यामुळे मिरजेतल्या घरांना पाहुण्यांची एक खास जात माहीत आहे. आम्ही तिला ‘दवाखान्याचे पाहुणे’ म्हणतो. खुब्याचे हाड मोडलेली मावशी, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेले मामा, गुडघ्यांनी दगा दिलेली आजेसासू. येतात ती आठ दिवसांच्या बोलीने. डॉक्टर सांगतात, ‘आणखी महिनाभर इथेच राहू द्या’, आणि तो महिना कधी वर्षाचा होतो ते घरालाही कळत नाही.

घरही या पाहुण्यासाठी बांधलेले नसते. आमचे जुने वाडे बघा. दिंडीदरवाजाचा उंबरठा वीतभर उंच, ओसरीला दोन पायऱ्या, माजघराला पुन्हा उंबरठा, मोरी खोलगट, संडास परसाच्या टोकाला, आणि माडीवर जायला दोर धरून चढायचा जिना. येणारा माणूस धडधाकट आहे असे गृहीत धरूनच गवंड्याने दोरी लावलेली. नव्या इमारतींनी तरी काय केले? उंबरठे गेले, पण तीन मजले चढून जायला लिफ्ट नाही, आणि न्हाणीघराचे दार असे, की चाकाची खुर्ची त्यातून जात नाही. चालत्या माणसाला जे घर एकच वाटते, ते न चालणाऱ्याला सात-आठ देशांचे वाटते; दर दोन पावलांवर एक सरहद्द.

अशा पाहुण्याबरोबर राहून घर पुष्कळ शिकते. खाट किती उंच हवी, तर बसल्यावर तळपाय जमिनीला टेकतील आणि गुडघा काटकोनात राहील इतकी. लुळ्या पडलेल्या हाताला धरून माणसाला कधी ओढायचे नाही, नाहीतर खांदा कायमचा दुखत राहतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. नाहीतर टाचा, माकडहाड आणि खुबा इथली कातडी लाल होते, आणि एकदा ती फाटली की भरून यायला महिने लागतात. हे सारे कोणीही नर्सबाई सांगतील. पण घराला आणखीही काही कळते, आणि ते कोणी सांगत नाही. खाटेवरचे माणूस पाणी कमी पिऊ लागते. तहान नसते म्हणून नव्हे. पाणी प्यायले की कोणाला तरी हाक मारावी लागते म्हणून. सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच दिसतो, आणि विचारले तर उत्तर येते, ‘नको गं, आज फारशी तहान नाही.’ मला विचाराल तर त्या भरल्या तांब्यात जितके नाट्य आहे, तितके आपल्या कित्येक तीन अंकी नाटकांत मिळून नाही. त्यात माया आहे, मानीपणा आहे, लाज आहे, आणि एक संवाद आहे जो कधीच बोलला जात नाही. आपल्या लेखकांना हा तांब्या दिसला का?

यजमानांच्या एक आत्या आमच्याकडे अशाच चौदा महिने होत्या. विदर्भात आयुष्य गेलेले नाही की मुंबईत नाही. सगळा जन्म कृष्णाकाठी. जिभेला धार आणि डोळ्यांत गंमत. त्यांना आम्ही पहिल्यांदा आतल्या खोलीत ठेवले होते, निवांत म्हणून. चौथ्या दिवशी त्यांनी खाट बाहेर हलवायला लावली. ‘मला निवांतपणा मसणात मिळणारच आहे, आत्ता मला दार दिसू दे,’ म्हणाल्या. मग दार दिसेल आणि स्वयंपाकघरातले बोलणे ऐकू येईल अशा जागी खाट आली, आणि घराचा कारभार हळूहळू त्या खाटेभोवती फिरू लागला. शेंगा निवडायच्या त्यांच्यापुढे, वाती वळायच्या त्यांनी, दिवाळीत चकलीची भाजणी नाकाला लावून ‘आणखी एक वाफ राहिली’ हे सांगायचे त्यांनीच. एका रात्री दूरदर्शनवर ‘नटसम्राट’ लागले होते. आम्ही सगळे डोळे पुसत होतो. आत्याबाई मात्र कोरड्या डोळ्यांनी बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘अगं, ह्याला निदान निघून जाता येतंय की!’

या एका वाक्याने त्या नाटकाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली, आणि त्या वाक्याच्या उजेडात काही कलाकृती मी पुन्हा पाहिल्या. त्यांचाच हा परामर्श आहे.

‘नटसम्राट’ हे नाटक थोर आहे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. १९७० साली गोवा हिंदू असोसिएशनने ते रंगभूमीवर आणले, डॉक्टर श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकरांचे काम केले, आणि शिरवाडकरांच्या भाषेने मराठी माणसाच्या मनातल्या वृद्धत्वाला कायमची एक आकृती दिली. पण ती आकृती चालत्या माणसाची आहे. मुलाचे घर, मग मुलीचे घर, मग रस्ता: नाटकाची सगळी गती ही एका घरातून बाहेर पडण्याची गती आहे. अपमान झाला की बेलवलकर उठतात. उठणे हेच त्यांचे उत्तर. आणि उठल्यावर जे येते ते भाषण. कल्पना करून पाहा, की त्या पहिल्याच घरी, मुलाच्या घरी, बेलवलकर पाय घसरून पडले आहेत आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले आहे. सून तीच, अपमान तोच, वाणीही तीच. पण आता भाषण संपल्यावर त्यांना त्याच सुनेला हाक मारावी लागणार आहे. ती हाक ते कोणत्या स्वरात मारतील? आणि ती सून कोणत्या पावलांनी येईल? हे नाटक शिरवाडकरांना लिहायचे नव्हते, आणि न लिहिलेल्या नाटकाबद्दल लेखकाला दोष देणे हे टीकेचे काम नव्हे. पण ते नाटक दुसऱ्या कोणीही लिहिले नाही, याची नोंद करणे हे टीकेचे काम नक्कीच आहे.

बेलवलकरांमागे लिअर राजा उभा आहे हे सर्वांना ठाऊक आहे. लिअरच्या मुली बापाशी भांडतात ते कशावरून? त्याच्या शंभर सरदारांवरून. शंभराचे पन्नास, पन्नासांचे पंचवीस, आणि मग ‘एकाची तरी काय गरज’ असा तो क्रूर हिशेब येतो. शेक्सपिअरने यात पाहुणचाराचे सारे शास्त्र सांगितले आहे: घर पाहुण्याला नको म्हणत नाही, ते त्याच्या गरजा मोजू लागते. लिअरचे सरदार मात्र मानासाठी होते, आणि म्हणून त्याला संतापाने वादळात निघून जाता आले. आपल्या खाटेवरच्या पाहुण्याला शंभर नकोत, एकच माणूस हवे. पण ते एक नसले तर त्याला कूससुद्धा बदलता येत नाही. ‘एकाची तरी काय गरज’ हा प्रश्न त्याच्या बाबतीत खरोखरीच जीवघेणा आहे. लिअरची शोकांतिका जिथे शिगेला पोचते, तिथे मिरजेतल्या एखाद्या माजघरातली रोजची सकाळ सुरू होते.

जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ १९७३ सालचे. विजया मेहता यांनी ते बसवले आणि नानीची भूमिकाही केली. इथे कोणी कोणाला घालवून देत नाही. घर नाना-नानींचे स्वतःचे आहे. मुलेच दूर गेली आहेत, एक परदेशी आणि दुसरा लष्करात. ‘नटसम्राट’पेक्षा हे नाटक मला एका अर्थाने अधिक धीट वाटते, कारण त्यात खलपुरुष नाही. मुले वाईट नाहीत, आईबाप वाईट नाहीत. फक्त घर रिकामे आहे. या म्हाताऱ्यांची माया वाहायला जागा शोधते आणि भेटेल त्या परक्यावर सांडते. दळवींनी वाट पाहण्याचे जे बारीक काम केले आहे, ते अस्सल आहे. पण इथेही दोघे हिंडते-फिरते आहेत, आणि शेवटी जो निर्णय ते घेतात तोही आपल्या हातांनी अमलात आणू शकतात. पुन्हा आत्याबाईंचे वाक्य आठवते. जाण्याची वाट वेगळी, पण निघून जाणे तेच. मराठी नाटकाला वृद्धाचे काय करावे हे सुचेनासे झाले, की ते त्याला बाहेर काढते: कधी रस्त्यावर, कधी जगाबाहेर. त्याच्याबरोबर उद्याची सकाळ कशी काढायची, हा प्रश्न पडद्याबरोबर खाली येतो.

यावर कोणी म्हणेल, की नाटक ही हालचालीची कला आहे. खाटेवर पडलेले पात्र तीन अंक रंगमंच कसे धरून ठेवील? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण याच मराठी रंगभूमीवर १९७४ साली सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ने एका मेलेल्या माणसाला बोलते केले, गाते केले, आणि कीर्तनाच्या ढंगात त्याच्याकडून प्रेक्षकांना हसवले. ज्या रंगभूमीला प्रेत जड झाले नाही, तिला पक्षाघात झालेला मामा का जड व्हावा? अडचण तंत्राची नाही. मृत्यूला आपल्याकडे विधी आहेत, विनोद आहेत, ठरलेली वाक्ये आहेत. अंथरुणाला खिळलेल्या जगण्याला यांपैकी काही नाही. भेटायला येणाऱ्यांना सुद्धा काय बोलावे ते कळत नाही. म्हणून ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहतात आणि खाटेवरच्या माणसादेखत यजमानिणीला विचारतात, ‘काय, जेवतात का नीट?’ जणू ते माणूस ऐकतच नाही. आपले वाङ्मयही त्या पायथ्याशीच उभे आहे. तेही प्रश्न घराला विचारते. मुलाला, सुनेला, जमान्याला. खाटेवरच्याला विचारीत नाही.

आता कल्पित सोडून खऱ्या आयुष्याकडे वळते, आणि उदाहरण आमच्याच गावाशी बांधलेले आहे. नारायण श्रीपाद राजहंस हा नागठाण्याचा मुलगा कानाच्या दुखण्यावर उपचारासाठी मिरजेस आला, किर्लोस्कर नाटक मंडळी तेव्हा इथेच होती, आणि १९०५ साली शकुंतलेच्या भूमिकेत तो मिरजेच्या रंगमंचावर पहिल्यांदा उभा राहिला. बालगंधर्वांच्या गाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ज्यांनी त्यांना पाहिले ते गाण्याइतकेच त्यांच्या चालण्याविषयी बोलत. रंगमंचावर ते कसे येत, पदर कसा सावरत, भामिनी कशी वळे, सिंधू कशी बसे. त्या काळच्या घरंदाज स्त्रिया लुगडे नेसायला त्यांच्याकडून शिकल्या असे म्हणतात. आणि उतारवयात याच माणसाचे पाय गेले. दुसऱ्यांच्या आधाराने त्यांना बसवावे लागे, आणि बसल्या जागेवरून ते भजने म्हणत. १९५५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा मान मिळाला, १९६४ साली पद्मभूषण, आणि १५ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

बालगंधर्वांवरचे चरित्रपर लेखन जितके मी वाचले आहे, त्यात वैभवाची पाने भरगच्च आहेत, कर्जाचीही आहेत. अत्तरे, गालिचे, शालू यांची वर्णने लेखणीला सुचतात. शेवटच्या खुर्चीजवळ आली, की हीच लेखणी ‘दैवगती’, ‘विपरीत काळ’ असे एक-दोन शब्द लिहून पुढे जाते. लेखकांना ते दृश्य असह्य होते हे मी समजू शकते. पण असह्य कोणाला? पाहणाऱ्याला. त्या खुर्चीत बसलेला माणूस गात होता. ज्याचे सर्व सौंदर्य हालचालीत आहे असे लोकांना वाटले होते, त्याच्याकडून हालचाल काढून घेतल्यावर जे उरले ते गाणे होते. यापेक्षा मोठा विषय एखाद्या चरित्रकाराला कोणता हवा?

आणि त्याच खुर्चीमागे आणखी एक व्यक्ती आहे, जिच्यावर महाराष्ट्राने मनापासून राग धरला. गोहरबाई कर्नाटकी. परधर्माच्या, परभाषेच्या, गाणाऱ्या. गंधर्वांच्या ऱ्हासाचे खापर फोडायला याहून सोयीचे डोके कोणते मिळणार? त्यांच्या गुणदोषांचा निवाडा करण्याचे मला कारण नाही. मी फक्त इतकेच विचारते, की ज्या वर्षांत बालगंधर्वांना आपणहून उठता येत नव्हते, त्या वर्षांत त्यांचा संसार कोण सांभाळत होते? रसिकांचा महाराष्ट्र तर त्या घरी राहायला गेला नव्हता. पुंडलिकाच्या बायकोप्रमाणे ही बाईसुद्धा कथेत शिरते ती कलंक म्हणून. राबणारे हात म्हणून ती शिरत नाही. गोहरबाई गंधर्वांच्या आधी गेल्या. त्यानंतरचे त्यांचे एकटेपण कसे असेल, हे ज्याने खाटेजवळच्या माणसाचे मोल जाणले आहे त्यालाच उमगेल.

चित्रपटाने मात्र याबाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ सालचा चित्रपट. संस्कृतचे मोठे पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) यांची स्मृती नाहीशी होत चालली आहे, आणि एके दिवशी ते एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात. पाहा, इथेही निघून जाणे आहेच! पण चित्रपट त्यांच्यामागे जाऊन अश्रू ढाळीत बसत नाही. तो दोन स्त्रियांकडे बघतो. एक त्यांची मुलगी, जिचा थकवा, चिडचिड आणि स्वतःलाच टोचणारे मन हे सारे चित्रपटाने तिला पापी न ठरवता दाखवले आहे. दुसरी माहुताची बायको चेन्नम्मा, मातृभाषा कानडी, घर म्हणजे पाल. तिला या म्हाताऱ्याचे पांडित्य ठाऊक नाही, आणि असते तरी कळले नसते. ती त्याला पोटच्या पोरासारखा सांभाळते, आणि तो तिच्यात आई पाहतो. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सर्वस्वी योग्य होता.

‘अस्तु’मध्ये मला जे विशेष वाटते ते हे, की चेन्नम्मा पुण्य करीत नाही. तिच्या दारात आलेल्या माणसाला भूक लागली आहे आणि झोप आली आहे, इतकेच तिला दिसते. घरच्यांना जे जड जाते ते तिला सोपे का जाते? चित्रपट हे उघडपणे बोलत नाही, पण सुचवतो: मुलीला तिचे बाबा हवे आहेत, ते जे होते ते, चेन्नम्माला जो समोर आहे तोच पुरतो. सेवा करणाऱ्या प्रत्येक नातलगाच्या मनातला सल इथे बरोबर पकडला आहे. आमच्या बाजूच्या वाचकाला आणखीही एक गोष्ट जाणवेल. गोहरबाई कर्नाटकातल्या, चेन्नम्माही कानडी. मिरजेच्या दवाखान्यांत मराठीइतकीच कानडी कानावर पडते. खाटेवरच्याला दुखते कुठे हे विचारायला आणि ‘ऊट आयतु?’ म्हणून जेवणाची चौकशी करायला जेवढी भाषा लागते तेवढी इथे सगळ्यांनाच येते.

तरीही ‘अस्तु’ची कथा एका दिवसाची आहे. चेन्नम्माने दुसऱ्या महिन्यात काय केले असते, हे आपल्याला कळत नाही. आणि दवाखान्याच्या पाहुण्याची खरी कथा दुसऱ्या महिन्यातच सुरू होते. पहिल्या महिन्यात सगळेच चांगले असतात. शेजारीण ताक आणून देते, नातू गोष्टी वाचून दाखवतो, दीर सुट्टी काढून येतो. दुसऱ्या महिन्यात ताक थांबते. कोणी बदललेले नसते. फक्त नावीन्य गेलेले असते. तिथून पुढे घर ज्यावर चालते त्याला माया म्हणावे, कर्तव्य म्हणावे की नुसती सवय, हे सांगणे कठीण. त्यात क्षणभर द्वेषही असतो, आणि त्याच क्षणी डोक्याखालची उशी नीट करणारा हातही असतो. या दोन्ही गोष्टी एकाच मिनिटात एकाच माणसाकडून घडतात, हे ज्या कलाकृतीला दाखवता येईल ती आपल्या घराविषयी काही नवे सांगेल. ‘कृतघ्न सून’ आणि ‘देवमाणूस मुलगा’ या दोन पात्रांना ते जमणार नाही. त्यांना रजा दिली पाहिजे.

काळही थांबलेला नाही. २००७ साली आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी केंद्राने कायदा केला. मुलांनी पैसे द्यावेत असा हुकूम त्याने देता येतो, आणि ही लहान गोष्ट नव्हे. पण रात्री दोन वाजता कूस कोणी बदलावी याचा हुकूम कोणतेही न्यायाधिकरण देऊ शकत नाही. ते काम आता पुष्कळ घरांतून पगारी ‘मावशी’ करतात. सकाळच्या एसटीने आसपासच्या खेड्यांतून येतात, संध्याकाळी परत जातात. आणि त्यांच्या स्वतःच्या घरीही बहुधा कोणी तरी म्हातारे माणूस खाटेवर असते, ज्याला दिवसभर एखादी लहान नात बघते. या मावशींची कथा कोणी लिहिली? मला वाटते, पुढच्या पिढीतला जो लेखक त्यांच्याबरोबर त्या एसटीत बसेल, त्याच्या हाती एक अस्सल कादंबरी लागेल.

माझी मागणी तशी मोठी नाही. आपल्या लेखकांनी खाटेचा पायथा सोडून उशाशी यावे, आणि तिथून घर कसे दिसते ते लिहावे. तिथून आढे दिसते, पंख्यावरची धूळ दिसते, माणसांचे चेहरे खालून दिसतात, आणि पावलांच्या आवाजावरून कोण आले, कोणत्या मनःस्थितीत आले, हे ओळखता येते. तिथे असलेले माणूस करुणेचा विषय होण्याआधी एक बारीक नजरेचा प्रेक्षक असते. दिवसभर त्याला दुसरे काम काय? आमच्या घरातल्या नाटकाचा सर्वांत जाणता टीकाकार ती खाटच होती, असे मला आज निःशंक वाटते.

आणि वाचकांकडे तर याहूनही थोडे मागणे आहे. ही दिवाळी आहे. फराळाला, पाडव्याला, भाऊबीजेला आपण दहा घरी जाऊ. त्यांतल्या एखाद्या घरी आतल्या खोलीत खाट असेल. तिथे उभ्याउभ्या चौकशी करून परतू नये. खाटेशेजारी बसावे, म्हणजे नजर नजरेच्या पातळीला येते. विचारायचे ते त्या माणसालाच विचारावे, आणि उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्यावा. चकली मऊ करून द्यायची असेल तर द्यावी. आणि निघण्यापूर्वी उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे सहज नजर टाकावी. तो भरलेला असेल, तर घाई नाही असे सांगून पुन्हा बसावे, आणि त्या माणसाला पोटभर पाणी पिऊ द्यावे.